ठरवायचे शब्द

हरेश घाबरला की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा. त्याचे तळवे तेव्हा थंड पडत. ते कुणाच्या लक्षात येऊ नये, एवढीच त्याची धडपड असे.

आम्ही दोघं पेणला पॅसेंजरमध्ये चढायचो आणि रोह्याला उतरायचो. मी नुकताच इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. झालो होतो आणि रोह्यातल्या एका क्लासमध्ये शिकवत होतो. हरेश तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. पेणच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलेलो. त्याचं गाव धरमतरच्या खाडीकडे, खारेपाटात. दहावीनंतर तो आयटीआयला गेला. मी पुस्तकांकडे वळलो. तेव्हापासून तो मला मास्तर म्हणायचा. त्यात थोडी थट्टा असायची.

कोकण रेल्वेचं काम रोह्याच्या पुढे चालू होतं, तेव्हाची गोष्ट. त्याच्या कंपनीत शिफ्ट इनचार्जची जागा निघाली. जुने इनचार्ज हैबतराव निवृत्त होणार होते. हरेशला काम येत होतं. मशीन त्याच्या हाताखाली शांत असे, असं हैबतराव स्वतः सांगत. मुलाखत मात्र प्लँट मॅनेजर घेणार होते. ते दक्षिणेकडचे. इंग्रजी बोलत, अडलं तर हिंदी.

मॅनेजरनी एकच प्रश्न विचारला. रिॲक्टरचं टेंपरेचर चढायला लागलं, कूलिंग बंद पडलं, तर तू काय करशील?

हरेश म्हणाला, आय विल आस्क.

कुणाला विचारशील? मॅनेजर म्हणाले. तिथे कुणी नसेल. यू डिसाइड. पुन्हा ये, तेव्हा उत्तर घेऊन ये.

त्या संध्याकाळी गाडीत हात मांड्यांखाली घालून तो मला म्हणाला, “मास्तर, मला ठरवायचे शब्द शिकव.”

“म्हणजे?”

“इंग्रजीत माणसं ठरवतात कशी ते. साहेब तेवढंच मागतो.”

मी शिकवायला लागलो. नागोठण्याच्या अलीकडे एक, निडीच्या पलीकडे एक, असे ते शब्द आम्ही घोकत असू. मेक अप युवर माइंड. थिंक इट ओव्हर. ऑन सेकंड थॉट्स. युज युवर जजमेंट. मी अर्थ सांगायचो आणि तो प्रत्येक शब्द बाजारात मासळी बघावी तसा उलटापालटा करून बघायचा. स्लीप ऑन इट, म्हणजे आज ठरवू नको, झोपून उठ आणि मग ठरव, असं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, भरती झोपू देते काय? इन टू माइंड्स, म्हणजे मन द्विधा असणं, हे शिकवलं तेव्हा तो बराच वेळ हसला. एका माणसाला दोन मनं? आमच्याकडे एकच मन असतं, ते अख्ख्या गावात वाटून घेतलेलं. माझ्या वाट्याला रविवारी येतं.

सिटिंग ऑन द फेन्स मात्र त्याला पटलं नाही. मी सांगितलं, कुंपणावर बसून राहणारा, इकडे नाही आणि तिकडे नाही, काहीच न ठरवणारा. तो म्हणाला, “बांधावर बसलेला माणूस काय नाय करत, असं तुला वाटतं? सगळ्यात जास्त त्याचीच फाटलेली असते.”

मग त्याने मला बांधाचं सांगितलं. मी पेण शहरातला. खारेपाट माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर, पण मला तो माहीत नव्हता.

त्यांची शेतं खाडीच्या पाण्याच्या पातळीखाली आहेत. खाडी आणि भात यांच्यामध्ये मातीचा एक बांध. बांधात उघाडी असते, म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. पावसाचं पाणी आत साचलं की ओहोटीला फळ्या उचलायच्या आणि पाणी खाडीत सोडायचं. भरतीच्या आत फळ्या खाली. फळ्या उचलायची वेळ चुकली तर खारं पाणी आत येतं, आणि पाण्याच्या जोरापुढे फळ्या परत बसत नाहीत. एकदा खारं झालेलं शेत पुढची कित्येक वर्षं भात देत नाही.

म्हणून गावाचा नियम आहे. राखणीला बसलेल्या माणसाने एकट्याने फळी उचलायची नाही. हाळी द्यायची. एक लांब ओरड, शेवटी उंच जाणारी. ती ऐकू आली की ज्याच्या कानावर पडेल त्याने हातातलं टाकून तिकडे धावायचं. कशाला म्हणून विचारायचं नाही. बांध फुटला असेल तर चिखल टाकायला हात लागतात. पाणी बघायचं असेल तर डोळे लागतात. चार जण पाणी बघतात, चार जण व्हय म्हणतात, मग फळी उचलतात. चुकलं तर चौघांचं चुकतं.

हरेश लहान असताना त्याचे वडील जगन एका उधाणाला राखणीला होते. तीन दिवसांचा पाऊस आत साचलेला. पाणी घरांच्या जोत्यांना लागायला आलं होतं. जगनने फळ्या उचलल्या. त्याला वाटलं ओहोटी लागली. ती लागली नव्हती. उघाडीजवळचं पहिलं शेत त्याच्या चुलतभावाचं होतं. ते खारं झालं. गावात बोललं गेलं, जगननं हाळी दिली नाय, एकट्यानं ठरवलं. चुलतभावाच्या घराने बोलणं टाकलं. जगननेही बोलणं टाकलं, पण ते सगळ्यांशीच.

हरेश म्हणाला, “आमच्या घरात तेव्हापासून कोण काय ठरवत नाय. भाजी कुठली आणायची ते पण आई चार दारांत विचारून येते.”

तो हसला. हात मांड्यांखालीच होते.

हा माणूस शब्द का शिकतोय, ते मला त्या दिवशी कळलं. बढती त्याला हवी होतीच. पण त्याहून जास्त, वडिलांसारखी वेळ आपल्यावर आली तर काय, या भीतीवर त्याला काहीतरी उपाय हवा होता. इंग्रजी ही एकट्याने ठरवणाऱ्या माणसांची भाषा आहे, असं त्याला वाटे. तिच्यात तो उपाय असेल.

पावसाळा संपता संपता ती दुपार आली. हैबतराव पुतण्याच्या साखरपुड्याला निडीला गेले होते. मॅनेजर मुंबईला होते. हरेशकडे शिफ्ट होती. रोह्यात त्या दिवशी वीज येत-जात होती.

पुढचं त्याने मला नंतर सांगितलं, तुकड्या तुकड्यांत, बऱ्याच दिवसांनी.

वीज गेली आणि कूलिंगचा पंप थांबला. डिझेलवरचा दुसरा पंपही सुरू झाला नाही. वरच्या मजल्यावर, लोखंडी जाळीच्या फलाटावर, रिॲक्टरशेजारी तो एकटा उभा होता. टेंपरेचरचा काटा चढत होता. त्याच्यापुढे एक व्हॉल्व्ह होता. तो फिरवला की रिॲक्टरमधलं सगळं खालच्या पाण्याच्या टाकीत जाणार. बॅच वाया जाईल, पण रिॲक्टर फुटणार नाही. टाकी जिन्याच्या बुडाशी होती. माल पाण्यात पडला की त्यातून वाफ उठते, आणि ती जिन्यातून वर येते. म्हणून व्हॉल्व्ह फिरवताना जिन्यावर कुणी असायचं नाही, असा नियम. वरच्या माणसाला उतरायला मागे दुसरी शिडी होती.

त्या घडीला जिन्यावर कुणी नव्हतं.

त्याने व्हॉल्व्हवर हात ठेवला. पंप आता सुरू होईल, असं त्याला वाटत राहिलं. केबिनमधून ऑफिसला फोन लावला, तो कुणी उचलला नाही. परत येऊन हात ठेवला. मी शिकवलेले सगळे शब्द त्याला आठवले. एकामागून एक, नीट, उच्चारासकट. तो सांगत होता, “शब्द सगळे आले मास्तर. हात आला नाय.”

मग त्याने हाळी दिली. ठरवून नव्हे. ती त्याच्या तोंडातून निघाली. बांधावरची, लांब, शेवटी उंच जाणारी.

त्या कंपनीत निम्मे कामगार खारेपाटातले. पॅकिंगमध्ये, गोदामात, ड्रम धुण्याच्या जागी. वीज गेल्यामुळे मशीन बंद होती. सगळीकडे शांत होतं. हाळी थेट कानांवर पडली. बाकीचे गेटकडे पळाले. आत काहीतरी बिघडलंय, हे कळायला त्यांना वेळ लागला नाही. खारेपाटातले मात्र हातातलं टाकून हाळीच्या दिशेने धावले. कशाला म्हणून कुणी विचारलं नाही.

हरेशने फलाटावरून खाली बघितलं, तेव्हा ते जिना चढत होते.

सगळ्यात पुढे जनू होता. ज्या चुलत्याचं शेत खारं झालं, त्याचा मुलगा. एका कंपनीत, एका शिफ्टला असूनही दोघं वर्षानुवर्षं बोलले नव्हते. डबा खाताना वेगळ्या झाडाखाली बसत. तोच जनू दोन-दोन पायऱ्या टाकत वर येत होता. वर मान करून त्याने विचारलं, “कुठं फुटलं?”

बांधावर पोचणारा पहिला माणूस हेच विचारतो.

हरेश ओरडला, मागं जा, खाली जा. ते थांबले नाहीत. हाळी देणारा माणूस घाबरून काहीबाही ओरडतोच, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. काटा लाल रेघेवर गेला. आता थांबलं असतं तर वर-खाली कुणीच उरलं नसतं.

त्याने व्हॉल्व्ह फिरवला.

मी तेव्हा क्लासमध्ये होतो. भोंगा उशिरा वाजला. वीज नसल्यामुळे तो लगेच वाजलाच नव्हता. खिडकीतून वसाहतीच्या बाजूला पांढरा धूर दिसला. तो वर न जाता आडवा पसरत होता. रस्त्यावर बायका पदर नाकाला लावून मुलांना ओढत होत्या. दुकानांची शटरं पडत होती. कुणी म्हणालं नदीकडे पळा, कुणी म्हणालं स्टेशनकडे. वारा कुठला आहे, हे कुणालाच कळत नव्हतं. मी रुमाल ओला करून नाकाला बांधला आणि उलट्या दिशेने चालू लागलो. तोंडात पत्रा चाटल्यासारखी चव आली होती. सगळे येत होते आणि मी जात होतो, आणि येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड मी बघत होतो.

गेटपाशी हरेश जमिनीवर बसला होता. अंगावर पाणी ओतलेलं. हात मांड्यांखाली. त्याला काही झालं नव्हतं. जिन्यावरच्या माणसांना ओळीने निजवलं होतं. खोकत होते, ओकत होते, पण हलत होते. जनू हलत नव्हता. त्याच्या डोळ्यांवर कुणीतरी ओलं फडकं टाकलं होतं.

मी हरेशजवळ बसलो. त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, “ठरवलं, पण उशिरा ठरवलं. याला काय म्हणतात तुझ्या इंग्रजीत?”



सगळे वाचले. जनूला मुंबईला न्यावं लागलं. त्याचा एक डोळा गेला.

मॅनेजर दुसऱ्या दिवशी आले. चौकशी झाली. रिॲक्टर शाबूत होता. तो फुटला असता तर शेजारच्या वस्तीपर्यंत झळ गेली असती, असं बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं. मॅनेजरनी सगळ्यांसमोर हरेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, गुड डिसिजन. इनचार्जची जागा तुझी. दुसरी मुलाखत नाही. आठवड्यात हो की नाही ते कळव.

त्या आठवड्यात गाडीत शिकवणी झाली नाही. मी शब्द काढले नाहीत. त्यानेही मागितले नाहीत. एकदा फक्त म्हणाला की रात्री हाळी ऐकू येते. स्वतःचीच.

शनिवारी त्याने मला घरी बोलावलं. एकट्याने बापासमोर बसायची त्याला भीती वाटत होती. जगनबाबा पडवीत जाळं दुरुस्त करत बसले होते. हरेशच्या आईने, सीताबाईंनी, चहा ठेवला आणि त्या आत गेल्या. हरेशने सगळं सांगितलं. पंप, फोन, व्हॉल्व्ह, हाळी, जिना, जनू. मग विचारलं की इनचार्ज होऊ का नको.

म्हाताऱ्याची सुई थांबली नाही. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग ते बोलले. मी त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो. लांबून येणाऱ्या माणसासारखा होता.

“मी पण दिली होती हाळी.”

हरेशने मान वर केली.

“त्या दिवशी. चार वेळा दिली. वारा खाडीकडचा होता. पावसाचा आवाज. कोण आलं नाय.”

“मग सांगितलं का नाय कोणाला?”

“कोण मानलं असतं?” सुई परत जाळ्यात गेली. “माझ्या हाळीला कोण आलं नाय. तुझ्या हाळीला सगळे आले. तुझं जड हाय.”

एवढंच. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. चहावर साय धरली होती. आम्ही तो तसाच प्यालो.

परतताना बांधावरून चालत होतो. भरती लागलेली. हरेश उघाडीपाशी थांबला, फळ्यांकडे बघत राहिला. म्हणाला, मी नाय घेतली जागा तर दुसरा कोणतरी घेईल. तो पण आमच्यातलाच असेल. वीज गेली की तो पण हाळी देईल. आणि हे परत जिन्यावर येतील. मला निदान ठाऊक तरी हाय.

सोमवारी त्याने हो सांगितलं. इंग्रजीत नाही. हिंदीत.

इनचार्ज झाल्यावर त्याने पहिलं काम हे केलं. खारेपाटातल्या प्रत्येकाला बाजूला घेऊन सांगितलं. बांधावरची हाळी वेगळी आणि इथली वेगळी. इथं मी ओरडलो की माझ्याकडे यायचं नाय. गेटकडे पळायचं. माझ्याकडे बघायचं पण नाय. वीज नसली की भोंगा वाजत नाही, तेव्हा आवाजच कामाला येणार. त्याने ते रोज सांगितलं. डबा खाताना, शिफ्ट बदलताना. सगळ्यांनी व्हय म्हटलं. कुणीतरी म्हणालं, आता हरेशशेठ आला की उलटं पळायचं, सवयच लागंल. सगळे हसले.

महिन्याभराने त्याने तालीम ठेवली. मॅनेजर घड्याळ घेऊन ऑफिसच्या पायरीवर उभे राहिले. माझा क्लास सुटला होता. मी गेटवर वॉचमनच्या केबिनमध्ये त्याची वाट बघत बसलो होतो. वॉचमन म्हणजे जनू. मुंबईहून आल्यावर त्याला तिथे बसवलं होतं. काळा चष्मा लावायचा. आता तो हरेशशी बोलत असे, आणि खूप बोलत असे, जणू साठलेलं. मला चहा देत म्हणाला, “दोन डोळे होते तेव्हा एक झोपायचा. आता हा एकटा जागा असतो. बघ, गेटातून मांजर सुटत नाय.”

आणि हाळी आली.

मी ती पहिल्यांदाच ऐकली. माणसाच्या गळ्यातून असा आवाज निघतो, हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांची ओळख, आणि हा आवाज त्याच्यात होता.

गोदामातून, पॅकिंगमधून माणसं बाहेर पडली. क्षणभर गेटकडे वळल्यासारखी वाटली. मग वळली. सगळी जिन्याकडे धावली. निम्म्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, तो थांबला, दुसऱ्याला धडकला. काही जण खजील होऊन हसले. काही जण वर पोचलेच.

माझ्या हातात चहाचा ग्लास हिंदकळला. बाकडं उलटलं होतं. जनू केबिनमध्ये नव्हता. चष्मा जमिनीवर पडला होता. तो मोकळ्या मैदानातून, एका डोळ्याने, किंचित तिरका, प्लँटकडे धावत होता.

मॅनेजर काहीतरी म्हणाले. फलाटावर हरेश उभा होता. तो हात हलवत नव्हता, ओरडतही नव्हता. नुसता बघत होता.

संध्याकाळच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. रोहा मागे पडल्यावर म्हणाला, “मास्तर, हे येणारच.”

“परत सांग त्यांना. अजून दोन-तीन तालमी घे.”

“मेले तरी येणार.” तो खिडकीबाहेर बघत होता. “आता मी हाळी देणार नाय.”

“आणि परत तसं झालं तर?”

“तर तोंड बंद ठेवीन. कोणाला कळायच्या आत एकटाच काय ते करीन.” हात मांड्यांखाली होते. “बांधावर पण. आता बांधावर पण माझ्यानं हाळी देणं व्हायचं नाय.”

त्याने शब्द विचारला नाही. मी दिला नाही.

गाडी निडीला थांबली. फलाटावर एक बाई पुढे गेलेल्या कुणाला तरी लांब, शेवटी उंच जाणारी हाक मारत होती. हरेश बाकावरून अर्धा उठला. हात दांडीला, एक पाय दाराकडे.

मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि खाली बसला.